रोवणीतला रविवार

माझ्या भावानं देव बदलला याचा मला राग आला नव्हता. राग आला तो त्याच्या रविवाराचा.

देव ज्याचा त्याचा, असं मी शाळेत मुलांना सांगायचे आणि घरी स्वतःलाही तेच सांगितलं. तुमसरला एका शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवत होते. गोंदिया वेगळा होऊन जिल्हा अर्धा झाला होता, तरी आमच्या वर्गात जुनाच नकाशा लटकत होता आणि नवा मागवून मागवून मी थकले होते. मूलभूत हक्कांचा धडा आला की माझा आवाज आपोआप चढायचा. हक्क कोण देतं? संविधान देतं. एका ओळीचं उत्तर, पूर्ण गुण. वर्षानुवर्षं मी ते फळ्यावर लिहिलं आणि पुसलं, आणि त्यात काही अडतं असं मला कधी वाटलं नाही.

भाऊ माझ्याहून लहान. चिखल्याच्या मँगनीज खाणीत तो विजेचं काम करायचा. तिथल्याच वसाहतीत एक नर्स होती, ख्रिस्ती घरातली. तिच्याशी त्याचं लग्न झालं आणि पुढे काही वर्षांनी त्यानं बाप्तिस्मा घेतला. बायकोसाठी घेतला, असं लोक म्हणाले. मीही म्हणाले. तो म्हणाला, "तिनं त नको म्हनलं होतं, बाई. म्हने, माह्यासाठी घेत असशीन त बिलकुल नको घेऊ." तो मला लहानपणापासून बाईच म्हणतो. बाबा गेल्यावर शेती पाहायला कोणी उरलं नाही, तेव्हा खाणीचं काम सोडून तो आंबागडच्या पायथ्याशी आमच्या गावी आला. बायको नोकरीपायी चिखल्यालाच राहिली, आणि हा मोटारसायकलनं जाऊन येऊन करायचा. गावी तो आणि आमची माय, दोघंच. शेत निम्मं माझं, निम्मं त्याचं. पण राबायला ते दोघं आणि तोंड चालवायला मी, अशी वाटणी होती.

मायनं त्याचा नवा देव एका वाक्यात निकाली काढला होता. "देव बदलला, पन भात तोच खाते ना? मंग झालं."

आमच्याकडे रोवणीचे दिवस म्हणजे घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं. धानाचे पऱ्हे, म्हणजे दाट पेरून वाढवलेली कोवळी रोपं, वेळेत उपटून चिखल केलेल्या बांधीत, पाणी धरणाऱ्या खाचरात, लावली तर धान. उशीर झाला की रोपं गाठाळतात, निबर होतात, मग लावा नाही तर बैलांना घाला. त्या वर्षी पावसानं आधी झुलवलं आणि मग सगळ्यांच्या बांध्या एकदमच भरल्या. साऱ्या गावाला एकाच आठवड्यात बाया हव्या झाल्या. आम्हाला लांबच्या गावची एक टोळी मिळाली, तीही भावानं हातापाया पडून आणलेली. काम गुत्त्यावर होतं, म्हणजे एवढं शेत लावून द्यायचे ठरलेले पैसे. लवकर संपलं की त्या दुसऱ्याच्या बांधीत जायला मोकळ्या. त्यांची पुढारीण एक उंच, सुकलेली बाई होती आणि बाकीच्या तिला मोठीबाई म्हणायच्या. गोठ्याशेजारच्या पडवीत त्या राहायच्या आणि आपलं आपण रांधायच्या. फक्त मालकानंच काम थांबवलं तर त्या दिवसाचं जेवण मालकाच्या घरचं, असा आमच्या भागात गुत्त्याचा रिवाज आहे.

सोमवारी आमच्या घरी बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. बैल महादेवाचे, म्हणून सोमवार त्यांचा. पेरणी असो, रोवणी असो, माय त्या दिवशी बैलांना हात लावू देत नाही. लहानपणापासून हे पाहिलेलं, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

मला सुट्टी रविवारचीच. म्हणून रोवणीच्या दिवसांत मी रविवारी सकाळची एसटी धरून गावी जायचे. त्या रविवारी रस्त्यावरूनच पाहिलं, सगळ्यांच्या बांध्यांत बाया वाकलेल्या होत्या आणि आमच्या बांध्या रिकाम्या. उपटलेल्या पऱ्ह्यांच्या जुड्या पाण्यात तशाच पडल्या होत्या. कोणी मेलंबिलं की काय, या भीतीनं मी घरापर्यंत जवळजवळ पळत गेले.

कोणी मेलं नव्हतं. अंगणात बाया बसल्या होत्या, एक दुसरीच्या उवा पाहत होती. बैल गोठ्यात रवंथ करत होते. आणि माझा भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मोटारसायकल पुसत होता, चिखल्याला प्रार्थनेला जायचं म्हणून.

"काम काहून बंद हाये?" मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"रविवार हाये ना, बाई."

"मंग तू जा ना प्रार्थनेले. तुले कोनी धरलं? याईले कायले बसवलं?"

तो शांतपणे बोलतो. त्याचं शांत बोलणं ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणाला, "मी एकटा नाही बसू शकत. शास्त्रात लिवलं हाये. सहा दिवस काम करा, सातवा दिवस देवाचा. त्या दिवशी तू काम कराचं नाही, तुह्या पोरानं नाही, पोरीनं नाही, गड्यानं नाही, मोलकरनीनं नाही, बैलानं नाही, तुह्या घरी आलेल्या परक्या मानसानं बी नाही. मालकानं आराम कराचा अन बाकीच्यायनं राबाचं, हे चालत नाही."

"मंग खानीत रविवारी सुट्टी भेटे तवा खुश होता ना? तो कायदा होता. इथी कायदा नाही."

"तेच त," तो म्हणाला. "खानीत कायदा होता म्हनून मले सुट्टी. बांधीत कायदा नाही म्हनून याईले नाही. मंग हक्क कायद्यानं देला का? कायदा नसन त मानूस थकत नाही का?"

हे असलं वर्गात एखाद्या मुलानं विचारलं असतं तर मी खूश झाले असते. पण मुलांच्या मागे पऱ्हे गाठाळत नसतात. "आज रविवार तुह्या देवाचा," मी म्हटलं, "उद्या सोमवार महादेवाचा. मंगळवारी पानी आटन. दोन देवायच्या मधात आपलं धान मरन."

"सोमवारच्या बांध्या मी शनवारीच चिखलून ठेवल्या," तो म्हणाला. "बैल नसले तरी बाया लावतीन."

म्हणजे सगळं त्यानं आधीच योजून ठेवलं होतं. याचा मला आणखी राग आला.

मी मोठीबाईकडे वळले. "तुमी सांगा. तुमाले सुट्टी पाह्यजे का काम?"

ती उठली आणि लुगडं झटकलं. "आमाले कोनी विचारलंच नाही, मॅडम. काम आटपलं असतं त आमी दुसरीकडे गेलो असतो. पन भाऊ म्हनते बसा, त बसलो. आता तुमी म्हनता उठा. तुमचं बहीन-भावाचं ठरू द्या, मंग आमी चिखलात पाय घालू." आणि ती पुन्हा बसली. मला वाटतं, तिला गंमत वाटत होती.

"तुही बायको आज कोठी हाये?" मी भावाला विचारलं. मला माहीत होतं.

"ड्युटीवर."

"मंग तिले नाही का रविवार?"

"जीव वाचवाचं काम चालते. बैल खड्ड्यात पडला त रविवारी बी काढा, असं हाये."

"अन पऱ्हे मरून राहिले ते?"

त्यानं गाडीला किक मारली. जाताजाता वळून पाहिलं. दोनतीन बाया चुलीकडे निघाल्या होत्या, रांधणाऱ्या मायला हातभार लावायला. "तुमी बसा," तो त्यांना म्हणाला. "आज तुमी काहीच कराचं नाही." आणि गेला.

मला घरात बसवेना. मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, गेले. पाण्यातल्या जुड्या हातानं उलट्या करून पाहिल्या, जणू उलटल्यानं त्या ताज्या राहणार होत्या. शेजारच्या बांधीतून एकानं विचारलं, "काय मॅडम, तुमच्या घरी सूतक हाये का?" मी म्हटलं, "सूतक नाही, रविवार हाये." तो हसला आणि त्यानं ती गोष्ट बाजूच्या बांधीत पोचवली. तिथेही हसू उठलं. गावात आपलं हसं होतं आहे हे मला सहन होत नाही, पण माझे डोळे हसणाऱ्यांवरून बायांकडे गेले. त्या बांध्यांत वाकलेल्या बायांपैकी कोणाला आठवड्यात एक वार होता? माझ्या धड्यात शोषणाविरुद्धचा हक्क होता, समानतेचा होता. मी शिकवताना कधीही बांधीकडे बोट दाखवलं नव्हतं. पण मग भावाचं बरोबर का? ज्यांना विचारलंही नाही त्यांच्या डोक्यावर आराम लादायचा, याला हक्क म्हणायचं? मी घरी आले, पुन्हा बांधीवर गेले, पुन्हा घरी आले. चिखलात रुतून एक वहाण तुटली.

दुपारी भाऊ परतला तेव्हा मी ओसरीवर त्याची वाटच पाहत होते. आत माय पहिल्या पंगतीला वाढत होती. भात आणि लाखोरीचं वरण. आम्ही दोघं ओसरीवर बसलो आणि पुन्हा सुरू झालो.

"हक्क म्हनतं ना," मी म्हटलं, "मंग ज्याचा हक्क त्याले विचार. न विचारता देला त तो हुकूम झाला."

"भुकेल्याले विचारलं त तो आराम विकतेच, बाई. आजपर्यंत विकतच आला. पन त्यानं विकला म्हनून मी घेऊ शकत नाही. ते माह्यं नोहोय, अन त्याचं बी विकाचं नोहोय. देवानं मानसाले आपल्यासारखं बनवलं, म्हनून त्याले किंमत हाये. राजानं देली म्हनून नाही. तुह्या संविधानानं देली म्हनून बी नाही. संविधानानं फक्त कबूल केली."

'फक्त' हा शब्द मला झोंबला. "अन तुह्याच धर्माच्या लोकायनं जहाजं भरभरून गुलाम नेले, तवा ती किंमत कोठी गेली होती? त्याईच्या घरात बी हेच शास्त्र होतं."

तो बुटाचा चिखल काडीनं काढत बसला. मला वाटलं, जिंकले. मग तो म्हणाला, "होतं. गुलाम सोडवनाऱ्यायच्या हातात बी तेच होतं, अन बांधनाऱ्यायच्या बी. मले त्याच्यानं झोप येत नाही. तुले काय वाटलं, मी विचारच नाही करत?"

इतक्या सरळ उत्तराची मला अपेक्षा नव्हती. मग त्यानं काडी फेकली. "आता तू सांग. संविधान लिवलं त्याच्या आदल्या दिवशी आपल्या आज्याले हक्क नव्हता का? अन उद्या चार लोकायनं मिळून ते पुसलं त? मंग जुलूम हा जुलूम राहनार नाही का?"

"पुसता येत नाही. न्यायालय हाये."

"तिथी बी मानसंच बसतेत."

"अन तुह्या प्रार्थनेत कोन बसते? देव येऊन अर्थ सांगते का? शास्त्र वाचनारी बी मानसंच."

आम्ही दोघं अडून बसलो. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी भीती वाटली. देवानं दिलं म्हणावं तर देवाच्या नावानं कोण बोलतं हा प्रश्न, आणि माणसांनी दिलं म्हणावं तर माणसं काढूनही घेतील. मध्ये पाय ठेवायला जागाच दिसेना. ती भीती अजून गेलेली नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत मी ते एका ओळीचं उत्तर फळ्यावर लिहीत राहिले, आणि दरवेळी 'देतं' या शब्दापाशी खडू थांबायचा.

त्या दुपारी आम्ही तसे अडून बसलो होतो, तेवढ्यात माय दारात आली. हातात पळी, डोळे धुरानं लाल. पहिली पंगत उठली होती, दुसरीचा भात चुलीवर होता. ती उंबऱ्यातच थांबली.

"तुह्या देवानं कोनाकोनाले बसाले सांगतलं म्हने?" तिनं भावाला विचारलं. "सकाळी सांगत होता ते. पुन्हा सांग."

भावाला बरं वाटलं. मायनं त्याच्या देवाबद्दल आपणहून काही विचारायची ती पहिलीच वेळ. त्यानं हळूहळू, तिला समजावं म्हणून, पुन्हा सगळं म्हटलं. तू, तुझा पोरगा, पोरगी, गडी, मोलकरीण, बैल, परका माणूस.

माय ऐकत होती. मग पळी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाली, "पोरगा झाला. तो प्रार्थना करून आला. पोरगी झाली, ते ओसरीवर बसली हाये. मोलकरनी अंगनात बसल्या. बैल बसले. अर्धे परके त जेवून बी झाले." ती थांबली. "यात माय कोठी हाये?"

भाऊ उठून उभा राहिला. "असं काय म्हनतं, माय? 'तू' म्हनलं हाये ना. त्यात तू बी आली."

"मले त सकाळपासून कोनी तू म्हनलं नाही. जास्त भात मांड म्हनलं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "या बाया हात लावाले आल्या होत्या, त्याईले तू बसवून देलं."

अंगणातून मोठीबाई म्हणाली, "आमी त उठलो होतो, मायबाई."

मग माय माझ्याकडे वळली. "अन तुह्या पुस्तकात? त्यात चूल लिवली हाये का?"

मी समानता म्हणणार होते. शब्द तोंडापर्यंत आला होता. तिच्या कपाळावर राख लागली होती आणि घाम त्या राखेतून वाट काढत खाली येत होता. मी म्हटलं, "नाही, माय."

"नाही ना," ती म्हणाली. "बैलाले महादेवानं देलं, याईले तुह्या देवानं देलं, तुले सरकारनं देलं. मले देवाकडून नाही पाह्यजे गा. मले तुमच्या दोघायकडून पाह्यजे होतं."

भावानं पुढे होऊन तिच्या हातातली पळी घेतली. "आज मी रांधतो. तू जाऊन झोप."

"तुले त आज काम नाही चालत ना?"

"खड्ड्यातून काढाचं काम चालते," तो म्हणाला.

"मी खड्ड्यात पडली का?" माय म्हणाली, आणि पहिल्यांदा थोडी हसली.

भावानं पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि चुलीपुढे बसला. मीही आत गेले. मला भात येतो, पण तो गॅसवरचा, कुकरमधला. त्या लाकडांच्या चुलीवर, एवढ्या मोठ्या गंजात नाही. आम्ही दोघं लाकडं पुढे-मागे करत होतो आणि धुरानं खोकत होतो. देव आणि संविधान दोन्ही ओसरीवरच राहिले होते.

माय पडवीतल्या खाटेवर आडवी झाली. दिवसाउजेडी, भर रोवणीत, कोणी आजारी नसताना. तिला तसं पाहिल्याचं मला आठवत नाही. तळपायांच्या भेगांत चिखल वाळला होता. मोठीबाईनं तिच्या उशाला एक घडी केलेलं लुगडं सरकवलं. मी आतून वाकून वाकून पाहत होते. तिनं डोळे मिटले, उघडले. कूस बदलली. पदर सारखा केला. मग आवाज आला, "मीठ टाकलं का?" भाऊ म्हणाला, "टाकलं." थोड्या वेळानं, "जाळ कमी कर." मग उठून बसली आणि म्हणाली बैलांना पाणी दाखवायचं राहिलं. मी म्हटलं, मी दाखवते, तू पड. ती पडली. आढ्याकडे पाहत राहिली. तिचे हात पोटावर काही केल्या राहत नव्हते, ते उचलून ती कधी खाटेच्या काथ्याशी चाळा करायची, कधी बोटांची नखं खरवडायची. मला ते पाहवेना आणि तिथून हलवेना.

शेवटी ती उठली. खाट करकरली. ती चुलीपाशी आली, आम्हा दोघांकडे पाहून अपराधी हसली, आणि म्हणाली, "मले नाही जमत गा. मले बसनंच येत नाही. कोनी शिकवलंच नाही."

तिनं पळीला हात घातला. भावानं सोडली नाही. "माय, बस," तो म्हणाला. ती पळी ओढत होती, तो सोडत नव्हता, आणि खाली भात करपत होता.